समुद्राकडे तोंड केलेल्या दोन खुर्च्या

पुण्याहून निघालो तेव्हा नयनाला, म्हणजे माझ्या बायकोला, आपण कुठे चाललो आहोत हे माहीत नव्हतं. तीन दिवसांचे कपडे घे, एवढंच मी सांगितलं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर नवरा असं काही करतो तेव्हा बायकोला गंमत वाटायला हवी. तिला वाटलीही असावी, कारण तिने जांभळी साडी बॅगेत घातली. ती साडी ती कुठेही नेसत नाही.

प्रवासाचं लिहायचं तर हॉटेलपासून सुरुवात करायला हवी, कारण मी दोन महिने फक्त हॉटेलच शोधत होतो. ऑफिसातून आल्यावर बाल्कनीत बसून मी मोबाइलवर खोल्या बघायचो. कुठे पलंगावर टॉवेलचे हंस, कुठे बाथटबमध्ये गुलाबाच्या पाकळ्या, कुठे वाळूत मेणबत्त्या लावून दोघांसाठी मांडलेलं टेबल. पन्नाशी ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारा माणूस ही चित्रं बघत बसला होता याची आता लाज वाटते. तारकर्लीची हॉटेलं मी गर्दीमुळे सोडली. शिरोड्याला एक फार सुंदर होतं, पण ते बाजारापासून जवळ होतं. शेवटी मालवणच्या उत्तरेला, खाडीपलीकडच्या एका गावातलं हॉटेल सापडलं. त्याच्या एका फोटोत जांभ्या दगडाचा सोपा (पुढची पडवी) होता आणि सोप्यात समुद्राकडे तोंड केलेल्या दोन वेताच्या खुर्च्या. डावीकडे नयना, उजवीकडे मी, असं मी मनात बसवून पाहिलं. तिथे बसून तिला एक गोष्ट सांगायची होती.

आणि खरं सांगतो, ते हॉटेल निवडण्याचं आणखी एक कारण होतं. तिथून एसटी नव्हती, रिक्षा नव्हती, रेल्वे स्टेशन लांब होतं. ती गोष्ट ऐकल्यावर नयना उठून जाऊ शकली नसती.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. नयनाचं माहेर कणकवली तालुक्यात, नांदगावच्या तिठ्यापासून जरा आत. एका रविवारी सकाळी आठ वाजता तिच्या दादाचा माझ्या फोनवर फोन आला. आईचं काही खरं नाही, ती सारखी नयनाचं नाव घेते आहे, लगेच निघा. नयना तेव्हा स्वयंपाकघरात होती. त्या दिवशी आमच्या कंपनीचे डायरेक्टर आणि त्यांच्या पत्नी जेवायला येणार होते. माझं प्रमोशन ठरायचं होतं आणि मालवणी जेवणाचं आमंत्रण मीच दिलेलं होतं. मी फोन ठेवला आणि तिला काही बोललो नाही. मनाशी म्हटलं, म्हातारी माणसं दोन-चार दिवस काढतात. पाहुणे जेवून गेले, ताटं उचलून झाली, साडेतीन वाजले तेव्हा मी तिला म्हणालो की दादाचा आत्ताच फोन आला. पुढे भाड्याची गाडी मिळायला खरोखरच उशीर झाला. आम्ही पोहोचलो त्याच्या कितीतरी आधी, दिवेलागण होऊन तासाभरात, आई गेली होती.

दादाला मी बाजूला घेऊन हात जोडले. तिला सांगू नका, ती सहन करणार नाही, असं म्हणालो. दादा गप्प राहिला, पण त्यानंतर त्याने आमच्याकडे येणं-बोलणं टाकलं. नयनाला वाटत राहिलं की ती उशिरा पोहोचली म्हणून दादा तिच्यावर रागावला आहे. मी तिला तसं वाटू दिलं. सात वर्षं.

आता आमच्या ऋचाचं लग्न ठरलं होतं. दीड महिन्यावर आलं होतं. मुलीला मांडवात मामाने आणायचं असतं. दादाला निरोप गेला तेव्हा त्याने मलाच फोन केला. "येईन मी. भाचीचं लग्न आहे," तो म्हणाला. "पण भावोजी, नयनाने विचारलं तर या वेळी मी गप्प बसणार नाही." म्हणजे मला तिला आधी सांगायलाच हवं होतं. म्हणून दोन खुर्च्या.

कोल्हापूर सोडून राधानगरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा नयनाने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. दाजीपूरच्या जंगलात ऊन अजून झाडांच्या बुंध्यांपर्यंत पोहोचलेलं नव्हतं. फोंडाघाट सुरू झाला तशी तिने काच खाली केली. वळणावळणाला हवा बदलत होती. वरची कोरडी थंडी सरून तळाशी दमट ऊब लागत होती. मांडीवरच्या पर्सचा बंद तिने घट्ट धरून ठेवला होता.

नांदगावच्या तिठ्यावर चहाला थांबलो. टपरीवाल्याशी ती एकदम मालवणीत बोलायला लागली. माझ्याशी बोलताना तिचा जो आवाज असतो त्यापेक्षा हा आवाज मोकळा होता. कपबश्या घेऊन ती गाडीपाशी आली. "दादाकडे चाललोय ना आपण?" तिने विचारलं. "तुम्ही म्हणूनच सांगितलं नाही ना?"

मी म्हणालो की नाही, समुद्रावर एक हॉटेल घेतलं आहे, फार सुंदर आहे, दोघांसाठी. तिने कप टपरीच्या फळीवर ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "बरं," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. काच वर केली.

कणकवलीहून समुद्राकडे वळलो. भातकापणी होऊन गेली होती, कोपऱ्यांत (भाताच्या लहान शेतांत) कुळीथ उगवून आला होता. गाव सात-आठ किलोमीटरवर असताना समोरून येणारी वाहनं वाढली. आधी एक टेम्पो आला, त्यात लोखंडी खाट, गाद्या आणि खाटेवर बसलेल्या दोन बायका. मग बैलगाडी. मग गुरांचा कळप, मागे टोपल्यांत कोंबड्या घेतलेली माणसं, दोरीने बांधलेले कुत्रे, दुचाकीवर पिठाचा डबा आणि मांजर. सगळे आमच्या उलट दिशेने. मला वाटलं, वादळाचा इशारा आहे की काय. मी वैतागून हॉर्न वाजवला.

"हॉर्न वाजवू नका," नयना म्हणाली. मग तिने गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"गावपळण आहे. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मालवणच्या या भागातल्या काही मोजक्या गावांत अशी रीत आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावतात, म्हणजे देवाचा होकार घेतात, आणि देवाने सांगितलं की सगळा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि देव हो म्हणाला तरच परत यायचं. हे सगळं नयनाने मला त्या दहा मिनिटांत सांगितलं, अगदी सपाट आवाजात. लहानपणी ती मावशीबरोबर एकदा अशा पळणीत राहिली होती. या गावाचं नाव ऐकताच शेंबडं पोरसुद्धा तारीख विचारून घेतं, असं ती म्हणाली.

हॉटेलच्या फाटकाला साखळी लागत होती. साखळी लावणारी बाई पन्नाशीची, कासोटा घातलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती तिथल्या स्वयंपाकघरात काम करायची. शेवंतीबाई तिचं नाव. मॅनेजर बाहेरगावचा, तो सकाळीच निघून गेला होता.

मी उतरलो आणि शहरातला माणूस जे बोलतो ते सगळं बोललो. खोली घेतली आहे, आधीच ठरवली आहे, जबाबदार माणसाला बोलवा. शेवंतीबाईने सगळं ऐकून घेतलं.

"तुमका मेल धाडलेलो, साहेबानू," ती म्हणाली. "आता भितर कोणी रवाचा (राहायचं) नाय. मालक रवाक नाय, तर गिऱ्हाईक कसा रवतला?"

मी मोबाइल काढला. मेल होता, दहा दिवसांपूर्वीचा. जाहिरात समजून मी तो उघडलाच नव्हता. गावच्या प्रथेमुळे हॉटेल बंद राहील, तरी दुसरी तारीख कळवावी, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: आपल्या सूचनेनुसार आम्ही आपल्या घरी फोन केलेला नाही. ती सूचना मी खोली ठरवताना टाकली होती. बायकोला कळू द्यायचं नाही, कृपया फोन करू नये.

नयनाने माझ्या खांद्यावरून ती ओळ वाचली. फाटकाच्या गजांतून मला तो जांभ्याचा सोपा दिसत होता. वेताच्या खुर्च्या एकावर एक उलट्या रचून दोरीने बांधून ठेवल्या होत्या.

"खंयची गो तू?" शेवंतीबाईने नयनाला विचारलं. नयनाने माहेरचं गाव सांगितलं. मग दोघी मला सोडून बोलायला लागल्या. कोणाची कोण, कुठल्या वाडीची, काकू कुठल्या घरातली. पाच मिनिटांत ठरलं की आम्ही शेवंतीबाईच्या वांगडा (सोबत) जायचं. एवढ्या लांबून आलेल्या माहेरवाशिणीला ती उपाशी परत पाठवणार नव्हती. आणि तिचंही काम होतं. तिचा नवरा गुरं घेऊन पुढे गेला होता, सासू अजून घरी होती आणि टेम्पोवाला यायचं नाव घेत नव्हता. म्हातारीला चालता येत नव्हतं.

"मागे ठेवून चालत नाही का?" मी मूर्खासारखं विचारलं.

"माणूस मागे ठेवून जातंत?" शेवंतीबाई म्हणाली. एवढंच.

म्हातारीला मी आणि शेवंतीबाईने उचलून मागच्या सीटवर बसवलं. वजन असं नव्हतंच. नयनाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. आमच्या डिकीत, जांभळ्या साडीच्या बॅगेशेजारी, एक टोपली कोंबड्या आल्या. शेवंतीबाई माझ्या शेजारी बसून रस्ता दाखवू लागली.

म्हातारीची नजर अधू होती, पण जीभ चांगली होती. तिने माझ्या पाठीकडे हात केला. "ह्यो तुझो घोव?" (नवरा)

"होय."

"बोलाक येता मा ह्याका?"

"येता. फोनार," नयना म्हणाली. शेवंतीबाई हसली. मीही हसलो, आरशात बघत. नयना हसत नव्हती.

गाडी वेशीकडे हळूहळू चालली होती, पुढे गुरं होती. म्हातारीने नयनाचा हात चाचपला आणि विचारलं, "तुझी आवस (आई) आसा गो?"

"नाय. गेली. सात वर्सां झाली."

"तू होतस मगे वांगडा?"

"नाय," नयना म्हणाली. "फोनच उशिरा इलो. मगे गाडी गावली नाय."

ते खोटं मी बनवलं होतं. सात वर्षं ते आमच्या घरात पुणेरी मराठीत पडून होतं. आज तिच्या आईच्या भाषेत, खऱ्यासारखं, ते माझ्या मानेमागून ऐकू आलं. म्हातारी तिच्या हातावर थोपटत म्हणाली, "आसांदे गो, तुझो काय दोष?" आणि नयनाला रडू फुटलं. आवाज न करता ती रडत होती. आरशात फक्त तिचा खांदा हलताना दिसत होता.

वेशीबाहेर, व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे, माळावर शे-दोनशे राहुट्या उभ्या राहिल्या होत्या. माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं, वर ताडपत्री. तीन दगडांच्या चुली लागत होत्या. कुणी पत्ते कुटत होतं, कुणी मुंबईहून आलेल्या भावाला झापं बांधायला येत नाहीत म्हणून चिडवत होतं. जत्रेसारखं वातावरण होतं. मी म्हातारीला खाटेवर ठेवलं, कोंबड्या उतरवल्या. नयना व्हाळावर तोंड धुवायला गेली आणि मी तिच्यामागे गेलो.

मी ठरवलेलं पहिलं वाक्य होतं, "नयना, मला तुझी माफी मागायची आहे." ते आलंच नाही. "फोन उशिरा आला नव्हता," मी म्हणालो. "सकाळी आठ वाजता आला होता. मी सांगितलं नाही."

ती ओणवी होती. ओंजळीतलं पाणी सांडून गेलं तरी तशीच राहिली. मग उभी राहिली आणि पदराने तोंड पुसलं.

"डायरेक्टर येणार होते म्हणून?"

"हो."

"आठ वाजता मी काय करत होते?"

मला ते आठवत होतं. ते मी कधीच विसरू शकलो नव्हतो. "नारळ खवत होतीस," मी म्हणालो. "तिसऱ्यांच्या सुक्याला."

आमच्याच काठावर, जरा खाली, एक म्हैस पाण्यात उतरली. नयना ती बघत होती. "आणि दादा?" तिने विचारलं. मी सांगितलं की त्याला मीच गप्प बसवलं, तो तुझ्यावर रागावलेला नव्हता, कधीच नव्हता. तेव्हा मात्र तिने माझ्याकडे पाहिलं. आईचं ऐकताना तिचा चेहरा जसा होता त्याहून हा वेगळा होता. आई गेलेलीच होती. दादा जिवंत असून मी तिच्यापासून नेला होता.

"मी इथेच राहते," ती म्हणाली. "तुम्ही गाडीत झोपा. माझ्याशी बोलू नका."

ते तीन दिवस मी समुद्र पाहिला तो लांबून, सुरूच्या झाडांतून एक करडी पट्टी दिसायची तेवढाच. सकाळी उकड्या तांदळाची पेज (पातळ भात) आणि भाजलेला खारा बांगडा मला गाडीपाशी आणून दिला जाई. शेवंतीबाईचा नवरा भिकाजी आणून देई. त्याने काही विचारलं नाही. गाव एवढ्याशा जागेत राहत असल्यावर विचारायची गरज नसते. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की नुसतं बसून पाय आखडतील, तर मी त्याच्याबरोबर गुरांना पाणी दाखवायला जाऊ लागलो. व्हाळाच्या एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला रिकामा गाव. कौलारू छपरं, माड, देवळाचा कळस, आणि कुठूनही धूर नाही. भिकाजी रोज आपल्या घराच्या दिशेने एकदा पाही. पलीकडे हाकेच्या अंतरावर त्याच्या घराचं खळं (अंगण) दिसत होतं. मी विचारलं, जाऊन यावंसं वाटत नाही? तो म्हणाला, "घर माझाच आसा. पण बोलावल्याशिवाय जावचा नाय."

नयना बायकांत असे. म्हातारीची वेणी घालताना, झापं शिवताना, चुलीपाशी. एकदा ती मोठ्याने हसली आणि मी मान वर केली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी कौल लावायला देवळात गेले आणि सगळा गाव सामान बांधून व्हाळाच्या काठावर उभा राहिला. गप्पा हळूहळू बंद पडल्या. देव नाही म्हणाला तर आणखी एक दिवस, असं भिकाजी म्हणाला होता. बराच वेळ काही झालं नाही. कुणीतरी लहान मुलाला गप्प केलं. मग पलीकडून ढोल वाजला, आणि गुरं, कुत्री, माणसं एकदम पाण्यात उतरली.

म्हातारीला आम्ही घरी पोहोचवलं. शेवंतीबाई म्हणाली की तासाभरात हॉटेल उघडेल, तुमची खोली मी स्वतः झाडून देते. नयनाने तिचे हात धरले आणि पुन्हा येईन म्हणून सांगितलं. मग गाडीत बसताना ती तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"दादाकडे सोडा."

फोन न करता, काही न कळवता, आम्ही तासाभरात तिथे होतो. "तुम्ही गाडीतच थांबा," ती म्हणाली. मी थांबलो. दादा खळ्यात आला. केस पार पांढरे झाले होते. तिने त्याला काहीतरी विचारलं, त्याने मान खाली घातली. तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि मग दोघं पायरीवर बसली, लहानपणी बसत असतील तशी, एकाच बाजूला तोंड करून. बऱ्याच वेळाने दादा तांब्या-भांडं घेऊन गाडीपाशी आला.

"पाणी घ्या, भावोजी," तो म्हणाला. मी प्यालो. तो भांडं हातात घेऊन उभा राहिला. "चहा टाकलाय. पण नयना म्हणते, आज नको."

मी नयनाची बॅग उतरवून दिली आणि एकटा निघालो. फोंडाघाट चढताना शेजारची सीट रिकामी होती आणि डिकीत कोंबड्यांची पिसं होती. दाजीपूरच्या जंगलात गाडी बाजूला लावून मी थोडा वेळ बसलो. दोन महिने मी अशी जागा शोधत होतो जिथून तिला जाता येणार नाही. जिथून तिला जाता येईल अशीच जागा शोधायला हवी होती.

या सगळ्याला आज तेरा दिवस झाले. नयना रोज ऋचाशी बोलते. लग्नाला मामा येणार, मुहूर्ताच्या दोन दिवस आधी येणार, हे मला ऋचाकडून कळलं. मी एकदाच नयनाला फोन केला आणि न्यायला येऊ का विचारलं. "सांगेन," ती म्हणाली.

काल हॉटेलचा पुन्हा मेल आला. झालेल्या गैरसोयीबद्दल तीच खोली, सोयीच्या कोणत्याही तारखेला. मी तो पूर्ण वाचला. मग तसाच नयनाला पाठवला आणि खाली लिहिलं, हे असं आलं आहे, जायचं की नाही, कुणाबरोबर जायचं, तू ठरव. तिने ते वाचल्याचं दिसतं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.